निश्चित चांगला

आमच्या साहेबांविषयी मला काहीही म्हणायचं नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ डोक्यावर टांगलेले असताना कोण काय म्हणणार? त्यामुळे पुढे जे येईल ती तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे आणि ती माहितीस्तव सविनय सादर आहे.

तर वस्तुस्थिती अशी, की अख्ख्या कार्यालयात माझ्यासारखी टिपणी कुणी लिहीत नाही. हे मी म्हणत नाही. चहा पाजून इतरांना म्हणायला लावतो. आधी पार्श्वभूमी, मग नियम, मग प्रस्ताव आणि शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. वाचणाऱ्यानं नुसती सही ठोकावी. साहेब ठोकत नाहीत. समासात लिहितात, ‘चर्चा करावी.’ चर्चेला गेलं की म्हणतात, “कामात आहे, दिसत नाही का?” दुसऱ्या दिवशी फाइल परत : ‘चर्चा का केली नाही?’ एकदा त्यांनी माझ्या मसुद्यातलं ‘करण्यात यावे’ खोडून ‘करावे’ केलं. टंकून नेलं, तर ‘करावे’ खोडून ‘करण्यात यावे’. दोन्हींखाली त्यांचीच लफ्फेदार आद्याक्षरं. ती पानं मी जपून ठेवली आहेत. पेन्शनीत वाचायला काहीतरी हवं.

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. ठिणगी पडली ती गोपनीय अहवालावरून.

आमच्या वर्षभराच्या घामाचं मोल एका अक्षरात होतं. ‘अ अधिक’ म्हणजे अत्युत्कृष्ट, ‘अ’ म्हणजे उत्कृष्ट, ‘ब अधिक’ म्हणजे निश्चित चांगला आणि नुसता ‘ब’ म्हणजे चांगला. मी अत्युत्कृष्टाची मनोमन तयारी करून बसलो होतो. नम्रपणे कसं हसायचं, हेही ठरलं होतं. मिळाला नुसता ब. म्हणजे मी चांगला आहे, पण निश्चित नाही. आता हे ‘निश्चित’ माणसात कुठे असतं? लग्नाच्या बैठकीत मध्यस्थ म्हणाला, “मुलगा चांगला आहे,” तर पोहे पुढे येतात. तोच म्हणाला, “मुलगा निश्चित चांगला आहे हो,” तर मुलीचा बाप त्याच संध्याकाळी चौकशीला माणूस धाडतो! सरकारदरबारी मात्र उलटं. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यातले देव दत्त नावाचे एक अभियंते. त्यांना एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला, तो कुणी त्यांना कळवला नाही, आणि पदोन्नतीला ‘खूप चांगला’ लागत असल्यामुळे ती हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००८ साली न्यायालयानं सांगितलं, की शेरा कसलाही असो, ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. कारण ‘चांगला’सुद्धा माणसाच्या मुळावर येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालय आणि मी, आमचं असं एकमत वाचून मला भरून आलं. निकालाची प्रत जोडून मी चारपानी निवेदन दिलं. पार्श्वभूमी, नियम, प्रस्ताव, सगळं यथासांग. साहेबांनी त्यावर लिहिलं, ‘चर्चा करावी.’

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण आमच्याच कार्यालयातला एक शिपाई नोकरीत असताना वारला. त्याची बायको कुटुंब निवृत्तिवेतनासाठी यायची, व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. मृत्यूचा दाखला दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. फाइल साहेबांकडून परत आली होती, समास कमी सोडला म्हणून. तिनं विचारलं, “दादा, आता काय राहिलं?” तिला काय सांगणार, समास राहिला? माझ्या टिपण्या खुशाल खोडा, माझं अक्षर कापा. पण हे नाही. त्या दिवशी राग आला तो खरा, आणि पहिल्यांदाच स्वतःसाठी नव्हता.

आवाज मात्र चढवला नाही. भरघोस समास सोडून फाइल नव्यानं टंकली. ती कोणत्या तारखेला सादर झाली, कोणत्या तारखेला आणि कशासाठी परत आली, हे टिपणीत ओळीनं मांडलं. जे तोंडी सांगितलं होतं, ते ‘आपल्या तोंडी सूचनेनुसार’ म्हणून तारखेसह उतरवलं. शेवटी २००५ च्या दप्तरदिरंगाईच्या कायद्याची आठवण दिली : कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त कुणाकडे अडून राहता कामा नये. विशेषण एकही नाही. माझ्या हातून लिहिली गेलेली सर्वांत रुक्ष टिपणी ती. साहेबांनी ती दोनदा वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

तेव्हा मंडळी, साहेबांशी भांडू नका, तारखा लिहा. तोंडी सूचना कागदावर घ्या. आपल्या अहवालाची प्रत मिळत नसेल तर मागा. मागण्यात उद्धटपणा नाही. यंदाही मला नुसता ब मिळाला. प्रत मात्र न मागता, सहीशिक्क्यानिशी टेबलावर आली.