आधी आईबाबांना म्यूट करा

ऑनलाइन शिकवणी लावायची ठरली की घरात पहिली खरेदी हेडफोनची होते. मग टेबल येतं, खुर्ची येते, वायफायचा वेग मोजला जातो. मुलाच्या पाठीमागे पुस्तकांचं कपाट दिसेल अशी बैठक ठरते आणि त्यातले जाडजूड ग्रंथ पुढच्या फळीवर सरकतात. शर्टाला इस्त्री होते. कमरेखाली मात्र बर्म्युडाच राहते, कारण कॅमेरा तिथवर पोचत नाही. एवढं झालं की मुलाची तयारी झाली असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं एवढंच, की ही तयारी चुकीच्या माणसाची झाली. मूल पडद्यासमोर बसायला तयारच असतं. पडद्यावरून उठवायलाच कष्ट पडतात. तयारी हवी ती त्याच्यापासून हातभर अंतरावर, चौकटीच्या जेमतेम बाहेर, श्वास रोखून बसलेल्या आईबाबांची.

जुन्या नाटकात विंगेमध्ये प्रॉम्प्टर असे. नटाचं वाक्य अडलं की तो हळूच पुरवी आणि प्रयोग पार पडे. आईबाबांनी हीच भूमिका घेतलेली असते, फक्त इथे प्रयोग पार पाडायचा नसतो. बाईंनी ‘आठ साते?’ असं विचारलं, की मुलाच्या आधी पडद्याच्या डाव्या बाजूनं ‘छप्पन्न’ असा उसासा येतो. तो ऐकू गेला नाही तर बोटं दाखवली जातात; आधी पाच, मग सहा. मुलाची नजर डावीकडे जाऊन परत येते, उत्तर बरोबर येतं, बाई शाबासकी देऊन अपूर्णांकांकडे वळतात. आठाचा पाढा तिथेच कच्चा राहतो, आणि ती खबर फक्त मुलाला असते.

हे नुकसान किती, ते समजायला शिकवणीचा उपयोग कशामुळे होतो ते पाहावं लागेल. बेंजामिन ब्लूम यांनी 1984 साली मांडलं होतं, की एकेकट्याला शिकवलेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांच्या पुढे जातो. पुढच्या अभ्यासकांना फरक इतका मोठा दिसला नाही, पण फायदा होतो हे त्यांनीही मान्य केलं. कारण साधं आहे : एकट्याला शिकवताना चूक लगेच दिसते आणि तिथल्या तिथे दुरुस्त होते. आता चूक दिसूच द्यायची नाही असा विडा घरानं उचलला, तर बाईंनी दुरुस्त काय करायचं? फी भरून आजार लपवल्यासारखंच हे.

यावर पहिला आक्षेप फीचाच येतो. तासाचे पैसे मोजायचे आणि मुलानं नुसतं ‘अं… अं…’ करत बसायचं? तर हो, त्या ‘अं’चेच पैसे आहेत. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबलं तर मुलं जास्त बोलतात आणि विचार करून बोलतात, हेही दिसलं. तीन सेकंद! आपल्याकडे पालकांचा धीर पहिल्या सेकंदाच्या निम्म्यावर सुटतो, आणि नेटवर्क मंद असेल तर बाईंचा प्रश्न पुरता पोचायच्या आतच उत्तर निघालेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लहान मुलाला अनोळखी माणसासमोर एकटं कसं सोडायचं? सोडूच नये. दार उघडं ठेवावं, पडदा खोलीच्या दिशेनं असावा, आईनं किंवा बाबांनी तिथेच पाठमोरं बसून मेथी निवडावी. लक्ष ठेवणं आणि उत्तर पुरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अगदी चिमुरड्यांचं तर सरकारनंच ओळखलं होतं. केंद्राच्या 2020च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं सुचवली होती, आणि बालवर्गासाठी जास्तीत जास्त 30 मिनिटं, तीही पालकांशी बोलून त्यांना मार्गदर्शन करायला. शिकवणीची खरी गरज कुणाला आहे, ते दिल्लीत बसूनही दिसलं म्हणायचं.

राहिला आवाजाचा प्रश्न. कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, ‘दूध प्यायलास का?’ म्हणत कॅमेऱ्यासमोरून गेलेली आजी, यांनी कुणाचं गणित बिघडल्याचं ऐकिवात नाही. त्यासाठी म्यूटचं बटण आहे. तेव्हा हेडफोनच्या आधी पालकांची रंगीत तालीम घ्यावी. मुलाला पाढा विचारावा, आईबाबांनी हात पाठीमागे बांधून उभं राहावं, आणि ओठ हलले की आजीनं ओरडावं. चारदा निभावलं की लिंक उघडायला हरकत नाही.

आजोबांवर मात्र ही तालीम चालत नाही. ते मुलाला उत्तर सांगतच नाहीत, थेट बाईंनाच सांगतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या नव्या पद्धतीनं वाचायला आल्या, तेव्हापासून ते टपूनच आहेत. बाई चुकून ‘पन्नास सहा’ म्हणाल्या, की चष्मा सावरत ते चौकटीत शिरतात आणि उरलेला तास त्यांचाच होतो. त्यांच्यासाठी बाईंकडून सरळ वेगळी वेळ मागून घ्यावी. फी थोडी जास्त पडेल.