पेपरही गुरुजींचा, निकालही गुरुजींचा
लातूरने दहावी-बारावीला ‘पॅटर्न’ दिला, नांदेडने नीटच्या शिकवण्यांच्या माड्या उठवल्या. मग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांनीच काय घोडं मारलंय? 2015 साली शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ काढून पायाभूत चाचणी आणली. पेपर घ्यायचा गुरुजींनी, तपासायचा गुरुजींनी, गुण भरायचे गुरुजींनी; आणि त्याच गुणांवरून जोखायचं कुणाला? गुरुजींनाच! शाळा भराभर प्रगत झाल्या, यात नवल ते काय. ‘असर’ सर्वेक्षणवाले मात्र आगाऊ. पोराला घरी गाठून दुसरीचा उतारा वाचायला देतात. पाचवीतलं पोर तिथे अडखळलं, तर दोष अर्थातच उताऱ्याचा. पोर्टलवर गुण भरताना ते कुठेच अडखळलं नव्हतं. अडखळलं ते फक्त नेटवर्क.