स्वयंसेवक कुंडी
‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या शहराच्या गच्चीवर आता स्वतःच पाणी पिणारी कुंडी आली आहे. तळाशी टाकी, तीत सुती वात. माती हवी तेवढी ओल वर ओढते. टाकी मात्र माणसानेच भरायची, तीही नळाला पाणी येईल त्या दिवशी. मातीत पुरलेले पाझरणारे मडके हेच काम माहितीपत्रकाविना करीत आले आहे.

मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पस्तिशीपुढे टोमॅटोचे परागीभवन बिघडते, फुले गळतात. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी.

लागवडीचा हंगाम विचारायला 1972 पासून गावातच कृषी विद्यापीठ आहे. पण ऑनलाइन कुंडी मागवणाऱ्याला ते अंतर फार वाटते.