विश्व निवडताना घ्यावयाची काळजी

दिवसभर एक नोकरी केल्यावर रात्री दुसरं आयुष्य जगायची हौस ज्यांना आहे, पण ते नेमकं कुठल्या जगात जगावं याचा निर्णय होत नाही, अशा सज्ञान उमेदवारांसाठी हे मार्गदर्शन आहे. हजारो माणसं एकाच वेळी ज्यात नांदतात अशा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमना जाणकार मंडळी एमएमओ म्हणतात. जगं पुष्कळ उपलब्ध आहेत: ड्रॅगनांची, अंतराळयानांची, सुपरहिरोंची, चाच्यांची, अणुयुद्धानंतरच्या ओसाडीची. ट्रेलरमध्ये सगळीच राहण्याजोगी दिसतात.

उमेदवार इथेच घसरतो. "मला काय व्हायचंय, योद्धा की जादूगार की वैमानिक?" असं तो स्वतःला विचारतो आणि त्यावरून जग ठरवतो. खरं विचारायचं ते असं: रोज रात्री दोन तास, बिनपगारी, कोणतं काम करायला मला कंटाळा येणार नाही? ड्रॅगन आठवड्यातून एकदा भेटतो. उरलेले सहा दिवस कारकुनी असते. सबब, ड्रॅगन पाहून जग निवडू नये. कारकुनी पाहून निवडावं.

पायरी पहिली: आपला रंग ओळखणे

या क्षेत्रातले मूळपुरुष म्हणजे रिचर्ड बार्टल. 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला आणि बार्टल यांनी तो पुढे नेला. त्यात चित्र नव्हतं. पडद्यावर नुसता मजकूर उमटे. दरी, झोपडी, दलदल वाचणाऱ्याने आपापल्या डोक्यात उभी करायची. पुढे 1996 साली बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार पाडले आणि त्यांना पत्त्यांचे रंग दिले. चौकट म्हणजे मिळवणारा. त्याला गुण, लेव्हल, खजिना हवा. इस्पिक म्हणजे कानाकोपरा धुंडाळणारा. बदाम गप्पा मारायला आलेला असतो. आणि किलवर म्हणजे दुसऱ्याचा डाव उधळणं हाच ज्याचा डाव, तो.

आपला रंग ओळखण्यासाठी चाचणीबिचणी नको. आपल्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवावी. तुम्ही मागच्या वर्षीचं इतिवृत्त घरून वाचून आला होतात का? चौकट. सभा चालू असताना पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह नक्की कुठे आहे ते बघायला गच्चीवर गेला होतात? इस्पिक. सामोसे येईपर्यंत शेजारच्या विंगमधल्या काकूंशी बोलत बसलात? बदाम. आणि सगळे ठराव मंजूर होऊन आभारप्रदर्शन सुरू झाल्यावर ज्यांनी पार्किंगचा विषय काढला, त्यांना किलवर म्हणतात. त्यांनी थेट पायरी तिसरीवर जावं.

पायरी दुसरी: मध्ययुग

दहातले बहुतेक उमेदवार इथेच येतात, म्हणून गर्दी. किल्ला, खानावळ, धुकं असलेलं जंगल, टोकदार कानांची देखणी माणसं आणि हिरव्या कातडीची तापट माणसं. 1997 मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन', 1999 मध्ये 'एव्हरक्वेस्ट', नोव्हेंबर 2004 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. हा शेवटचा 2010 साली 1 कोटी 20 लाख वर्गणीदारांवर पोहोचला.

मध्ययुगातलं मुख्य काम हमालीचं आहे. गावाच्या वेशीवर एक शेतकरी उभा असतो. त्याला दहा रानडुकरांचे सुळे हवे असतात. तो ते का आणत नाही, हे विचारू नये. तो तिथे कित्येक वर्षं उभा आहे आणि अजून कोणी विचारलेलं नाही. 2007 साली आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन'मध्ये तर पूर्वेकडे साक्षात सैतान सैन्य जमवत असताना, हॉबिटांच्या प्रांतात तुम्ही 'पाय' हा भाजलेला खाऊ पोचवण्याचं आणि टपाल वाटण्याचं काम करता. वाटेत भुकेले हॉबिट त्या खाऊवर आणि चौकस हॉबिट पत्रांवर टपलेले असतात. त्यांनी गाठलं की खेप फुकट. प्रस्तुत मार्गदर्शकाच्या मते मध्ययुगातली ही सर्वांत प्रामाणिक नोकरी आहे, कारण तिच्यात जगाला वाचवण्याचा आव नाही.

ज्यांना हमालीपेक्षा मजुरी बरी वाटते त्यांच्यासाठी 2001 पासून 'रूनस्केप' आहे. झाड तोडा, मासा पकडा, मासा भाजा, मासा जाळा, पुन्हा पकडा. प्रत्येक कौशल्याला मुळात 99 लेव्हल आहेत आणि हिशेब असा बसवलाय की 92व्या लेव्हलला पोहोचलात की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं शेवटच्या सात पायऱ्यांत आहे. सरकारी कचेरीत फाइल फिरवलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

मध्ययुगाच्या हवामानाबद्दल दोन धोक्याच्या सूचना. 'अल्टिमा ऑनलाइन'च्या निर्मात्यांनी मोठ्या हौसेने निसर्गचक्र रचलं होतं: गवत, ते खाणारे प्राणी, त्या प्राण्यांना खाणारे प्राणी. खेळाडू आत आले आणि दिसेल ते मारत सुटले. नवी वीण व्हायच्या आत जंगल मोकळं झालं, आणि निसर्गचक्राची सगळी मांडणी काढून टाकावी लागली. 1997 च्या ऑगस्टमध्ये, याच गेमच्या चाचणीदरम्यान, निर्माते रिचर्ड गॅरियट आपल्या 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात प्रजेला दर्शन द्यायला आले असता एका खेळाडूने मंत्र टाकून त्यांना जाळलं. राजा अमर असायचा होता. अमरत्वाची सोय चालू करायची राहून गेली होती.

दुसरी सूचना साथीची. सप्टेंबर 2005 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये एका दैत्याच्या गुहेपुरता एक संसर्गजन्य शाप होता. खेळाडूंनी पाळलेल्या जनावरांना तो झाला, जनावरं परत पाठवून शहरात पुन्हा बोलावली गेली, आणि शहरं सांगाड्यांनी भरली. दुकानदारांना लागण होई पण ते मरत नसत. गिऱ्हाइकांना ती वाटत मात्र असत. कंपनीने विलगीकरण करून पाहिलं, कोणी पाळलं नाही. काही खेळाडू औषधोपचाराला धावले, काही मुद्दाम गर्दीत जाऊन खोकले, काही नुसती गंमत बघायला आले आणि मेले. 2007 साली साथरोगतज्ज्ञांनी यावर गंभीर शोधनिबंध लिहिले. 2020 नंतर ते वाचताना हसू येत नाही, एवढंच.

इथे एक देशभक्त उमेदवार हमखास हात वर करतो: सह्याद्रीच्या गडकोटांचं विश्व का नाही? असावं, जरूर असावं. पण त्यात पाच लाख मराठी माणसं शिरली तर पाच लाख मावळे आणि सरदार होतील. गडावर हवालदार आणि सबनीस यांच्याबरोबर एक कारखानीस असे. धान्य, दारूगोळा, तेल, सगळ्या साठ्याचा हिशेब त्याच्याकडे. एमएमओ चालतो तो कारखानिसावर. ती जागा भरायला कोणी तयार असेल तर गेम काढायला हरकत नाही.

पायरी तिसरी: अंतराळ

कारखानीस व्हायला जे मनापासून तयार आहेत, त्यांची जागा आइसलँडमध्ये आहे. रेक्याविक इथल्या सीसीपी कंपनीने 2003 साली 'ईव्ह ऑनलाइन' आणला. हजारो सूर्यमालांचं एकच विश्व. बाहेरून पाहिलं तर काळ्या मखमलीवर तरंगणारी यानं. आतून पाहिलं तर खनिजांचे भाव, वाहतूक खर्च, भाडं, विमा, कर. 'अंतराळातली स्प्रेडशीट' अशी त्याची ख्याती आहे आणि कंपनीने ती मनाला लावून न घेता 2022 मध्ये एक्सेल थेट गेमला जोडण्याची घोषणा केली. घोषणेला टाळ्या पडल्या. खेळाडू आपल्यातून एक सल्लागार मंडळही निवडून देतात; म्हणजे विश्वात प्रचार, जाहीरनामे आणि पॅनेलही आलं. 2007 साली कंपनीने विश्वाचा अर्थव्यवहार बघायला एक खरा अर्थतज्ज्ञ नेमला होता.

इथली सर्वांत गाजलेली लढाई उमेदवाराने पाठ करावी. 27 जानेवारी 2014, सूर्यमाला बी-आर5आरबी. एका बलाढ्य आघाडीचा महत्त्वाचा तळ तिथे होता. तळाची मालकी टिकवायला तेव्हा ठरावीक मुदतीत बिल भरावं लागे. ते बिल भरलं गेलं नाही. मालकी सुटली, शत्रूला वास लागला, दोन्हीकडून कुमक येत राहिली आणि सुमारे 21 तास तुंबळ युद्ध झालं. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू, 75 महाकाय टायटन यानं भस्मसात. एक टायटन बांधायला आठवडे जातात. नुकसानीची किंमत खऱ्या पैशात सुमारे 3 लाख डॉलर काढली गेली. सर्व्हरवर ताण आला की हे विश्व आपला काळच मंद करतं, पार एकदशांशापर्यंत. त्यामुळे तोफेचा चाप ओढून माणूस स्वयंपाकघरात जाऊन पोहे करून परत येऊ शकत होता आणि गोळा अजून सुटायचाच असे.

ज्यांच्या घरी वीजबिलाची शेवटची तारीख एकच व्यक्ती लक्षात ठेवते, त्या व्यक्तीने हे विश्व निवडावं. तिला इथे सेनापती करतील. आणि पायरी पहिलीवरून पाठवलेल्या किलवर मंडळींचंही स्वागत आहे: फसवणूक, हेरगिरी, वर्षभर विश्वास कमावून संघटनेची तिजोरी रिकामी करणं, हे सगळं इथे नियमांत बसतं.

पायरी चौथी ते सातवी

या एकदमच उरकू.

सुपरहिरो: 2004 चा 'सिटी ऑफ हिरोज'. काम शिंप्याचं. पोशाख बनवण्याची सोय इतकी सढळ होती की गुन्हेगार राहिले बाजूला, लोक तासन्‌तास घट्ट पँटचा रंग ठरवत. मार्व्हल कंपनीने, आमच्या नायकांच्या नकला होतात, असा दावा ठोकला. पुराव्यादाखल दिलेल्या काही नकला त्यांच्याच माणसांनी आत जाऊन बनवल्याचं निघालं आणि न्यायालयाने त्या वगळल्या.

प्राचीन इजिप्त: 2003 चा 'अ टेल इन द डेझर्ट'. लढाई अजिबात नाही. गवत वाळवून पेंढा करा, चिखल आणि वाळू घालून विटा पाडा, जवस लावा, आणि कायद्याचे मसुदे मांडून मतदान घ्या. ग्रामपंचायतीची आवड असणाऱ्यांना उत्तम.

दूरच्या आकाशगंगेत, म्हणजे 2003 च्या 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज'मध्ये, खानावळीत नाचून थकल्याभागल्या सैनिकांचा शीण घालवणं हा पूर्णवेळ व्यवसाय होता आणि लोक तो आनंदाने करत. तिथला महायोद्धा, म्हणजे जेडाय, होणं फार कठीण होतं. नोव्हेंबर 2005 मध्ये कंपनीने कोणालाही पहिल्या दिवसापासून जेडाय होता येईल असं केलं, आणि जुने लोक चिडून निघून गेले. कारकुनी पाहून जग निवडावं, या वरच्या सिद्धांताला यापेक्षा सज्जड पुरावा मिळणार नाही.

लहान मुलांसाठी डिस्नेचा 'टूनटाउन' होता. त्यात खलनायक म्हणजे सुटाबुटातले ऑफिसबाज यंत्रमानव. ते रबरी शिक्के आणि नोकरीवरून काढल्याच्या चिठ्ठ्या फेकून मारत. त्यांच्या तोंडावर केक फेकायचा. मोठ्यांसाठी असा गेम का काढला नाही, ते कळत नाही.

पायरी आठवी: घर आणि घड्याळ

जग ठरलं की सर्व्हर ठरवावा. सर्व्हर युरोपात असला, तर आपल्या क्लिकला वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात शिरून तिथे जाऊन परत यायचं असतं. हीलर असाल तर तेवढ्यात पेशंट दगावतो. शक्य तर सिंगापूर बघावं. मित्रांच्या आग्रहाखातर दूरचा सर्व्हर घेतलाच, तर वेळेचा हिशेब असा: जर्मनीतल्या गिल्डची, म्हणजे खेळाडूंच्या टोळीची, रेड (सामूहिक मोहीम) रात्री 8 ला सुरू होते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. न्यू जर्सीतल्या आतेभावाच्या गिल्डचे रात्रीचे 8 म्हणजे आपल्या पहाटेचे साडेपाच किंवा साडेसहा. दूधवाल्याला दार उघडायला उठणाऱ्यांनी अमेरिका घ्यावी. 'ईव्ह'चा सर्व्हर रोज दुपारी बरोबर साडेचारला देखभालीसाठी बंद होतो. चहाची वेळ पाळणारं आमच्या माहितीतलं हे एकमेव विश्व.

विश्वात घर घ्यायचा विचार असेल तर 'फायनल फँटसी 14' बघा. भूखंड कमी, मागणी फार, म्हणून 2022 पासून तिथे सोडत निघते. म्हाडाच्या यादीत वर्षानुवर्षं नाव शोधणाऱ्यांना इथे परकं वाटणार नाही. फरक एकच: घर लागल्यावर 45 दिवस तिकडे फिरकला नाहीत, तर ते पाडतात.

पायरी नववी: विश्वाची तब्येत

पैसे भरण्याआधी विश्व जिवंत आहे ना, ते तपासावं. 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' डिसेंबर 2011 मध्ये बंद झालं, 'सिटी ऑफ हिरोज' 30 नोव्हेंबर 2012 ला, 'टूनटाउन' 2013 मध्ये. पैकी 'सिटी ऑफ हिरोज' चाहत्यांनी आपल्या सर्व्हरवर पुन्हा उभं केलं आणि 2024 च्या जानेवारीत त्यातल्या 'होमकमिंग' या गटाला मूळ मालकाने रीतसर परवानाही दिला. तेव्हा बंद पडलेल्या जगाचाही विचार करायला हरकत नाही. तिथे गर्दी कमी आणि माणसं जुनी असतात.

राहता राहिली एक घरगुती सूचना. यातल्या कुठल्याही जगाला पॉज नसतो, आणि रेड अर्ध्यावर असताना उठलात तर बाकीचे सगळे मरतात. हे जेवणाची ताटं मांडायच्या आधी घरात सांगून ठेवावं. ताटं मांडल्यावर सांगून उपयोग नाही.