नकार लेखी द्या

तलासरीची आदिवासी मुलगी बारावी होऊन मुंबईच्या कॉलेजात जाते. शासकीय वसतिगृहाच्या जागा भरलेल्या. मग पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना: राहण्याजेवणाचे पैसे खात्यात येतात, खोली आपली आपण शोधायची. ती फोन लावते. खोली रिकामी आहे, भाडं पटतं. मग प्रश्न येतो, "आडनाव काय गं?" दुमाडा. "गाव?" तलासरी. "बरं, घरात विचारून कळवते." पुन्हा फोन येत नाही.

हा भेदभाव झाला का? कुणी शिवी दिली नाही, "आदिवासींना देत नाही" असं म्हटलं नाही. खोली खरंच दुसऱ्या कुणाला गेली असेल, असंही म्हणता येतं. म्हणून मुलगी गप्प बसते, वडील गप्प बसतात आणि पुढच्या वर्षी डहाणूची दुसरी मुलगी तोच फोन लावते.

कायद्याकडे जावं तर अट्रॉसिटीच्या कायद्यातल्या अपमानाच्या कलमांना लोकांसमक्ष झालेला अपमान लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं, की चार भिंतींआड, बाहेरचं कुणी हजर नसताना बोललेलं त्यात बसत नाही. इथे तर बोललेलंच काही नाही. संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांची नावं आहेत, भाड्याच्या खोलीचं नाही. आणि 2005 मध्ये याच न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याची मुभा दिली. दार लावणाऱ्याला कायद्याने भरपूर आडोसा दिला आहे.

मग सिद्ध करायचं कसं? मनातलं कुणालाच सिद्ध करता येत नाही. निकाल मात्र मोजता येतो. आपल्याकडे हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजाने ओळखलं होतं. शाहू महाराजांनी 1896 मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. नियमात कुणालाही मज्जाव नव्हता. काही वर्षांत आत पाहिलं तर एकाच जातीची मुलं. महाराजांनी व्यवस्थापकाच्या मनात काय आहे याचा पुरावा मागत बसण्यात वेळ घालवला नाही. आत कोण आहे आणि कोण नाही, एवढं त्यांना पुरलं. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग उभं राहिलं, मग एकेका समाजाची वसतिगृहं. जातीवार वसतिगृहं म्हणून आज कुणी त्यांच्याकडे बोट दाखवेल, तर त्याने आधी ती कशामुळे काढावी लागली ते सांगावं. बंद दारामुळे काढलेलं वसतिगृह आणि दार बंद करण्यासाठी काढलेलं वसतिगृह यांना एका मापाने मोजणं मला मान्य नाही.

अमेरिकेतही हेच झालं. तिथल्या विद्यापीठांत मुलींची निवासी मंडळं असतात, त्यांना सोरॉरिटी म्हणतात. सभासद कुणाला करायचं ते मंडळच ठरवतं. 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय मुलींनी स्वतःचं मंडळ काढलं. अलाबामा विद्यापीठाचं दार कृष्णवर्णीयांना 1963 मध्ये उघडलं, तेही गव्हर्नर दारात आडवा उभा राहिल्यावर. पण पन्नास वर्षांनी, 2013 मध्ये, उत्तम गुणांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला तिथल्या गोऱ्या मुलींच्या सोळाच्या सोळा पारंपरिक मंडळांनी नाकारलं. एका मंडळाने नाकारलं असतं तर "जमलं नाही" म्हणता आलं असतं. सोळांनी नाकारल्यावर ते खपेना. तरी खरा पुरावा आतूनच आला. आम्हाला ती हवी होती, जुन्या सभासद बायकांनी नाव कापायला लावलं, असं मंडळातल्या मुलींनीच विद्यार्थी वृत्तपत्राला सांगितलं. मग विद्यापीठाला प्रवेश पुन्हा उघडावे लागले. त्या मुली बोलल्या नसत्या, तर तोही नकार "योगायोग" म्हणूनच जिरला असता.

आत बोलणारं कुणी नसेल तेव्हाचीही रीत ठाऊक आहे. संशोधक सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. 2007 मध्ये निष्कर्ष छापले: उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. कुणाच्या मनात शिरावं लागलं नाही.

"मग काय, प्रत्येक नकाराला भेदभाव म्हणायचं?" हा आक्षेप मी बाजूला टाकत नाही. एकच खोली असलेल्या बाईचा एक नकार काहीच सिद्ध करत नाही. पण ऐंशी खाटांच्या खाजगी वसतिगृहात वर्षानुवर्षं एकही वारली, कोकणा, कातकरी मुलगी नसेल, आणि अर्ज मात्र आलेले असतील, तर उत्तर त्या वसतिगृहाने द्यायचं. मुलीने नाही. पुराव्याचं ओझं कायम नाकारल्या गेलेल्याच्या डोक्यावर का?

कॉलेजांना 2012 च्या यूजीसी नियमांनी भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं आहे. डहाणूच्या किती मुलांना आपल्या कॉलेजातल्या त्या अधिकाऱ्याचं नाव माहीत आहे, विचारून पाहा. 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने छळाच्या तक्रारींनंतर जीव दिला, तेव्हा चिठ्ठी, फोन, साक्षी सगळं शोधलं गेलं. जिवंतपणी तिच्या घरच्यांनी केलेल्या तक्रारीलाही तितकंच वजन मिळायला हवं होतं.

म्हणून दोन मागण्या. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने स्वयंमच्या विद्यार्थ्यांकडून खोलीच्या नकारांची नोंदवही ठेवावी: तारीख, पत्ता, विचारलेले प्रश्न, मिळालेलं उत्तर. आणि ज्या वसतिगृहाला पालिकेचा परवाना किंवा सरकारी सवलत मिळते, त्याने प्रत्येक नकाराचं कारण लेखी द्यावं. याला नवा कायदा लागत नाही, एक वही आणि एक परिपत्रक पुरतं.

आणि डहाणू-तलासरीच्या विद्यार्थी संघटनांनो, तुम्ही सरकारची वाट पाहू नका. एकाच कॉलेजच्या दोन मुलींनी, वेगवेगळ्या आडनावांनी, एकाच दिवशी एकाच वसतिगृहाला फोन करावा. जे उत्तर येईल ते तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये प्रकल्प अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा.