पीसवाले नाना

माजिवड्याच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस एक तर मोबाइल बघतो, नाही तर शिव्या देतो. नाना शेजारच्या ट्रेलरवर काय लादलंय ते बघतात. जुनं यंत्र दिसलं की सिग्नल सुटायच्या आत ड्रायव्हरला गाठतात. "कुठल्या कंपनीचा माल? भंगारात चालला का?" ड्रायव्हर हो म्हणाला की नानांच्या चेहऱ्यावर सुतक.

ठाण्याच्या प्रत्येक जुन्या वस्तीत असा एक नाना असतोच. शेतं टॉवरखाली गेली, कारखाने मॉलखाली गेले, गोल्डन डाइज नाक्यावर डाइज औषधालाही उरले नाहीत. या गडबडीत कोणाच्या हाती लेथ राहिला, कोणाच्या हाती बुलेट. आमच्या नानांच्या हाती ट्रॅक्टर राहिला. पण त्याला ट्रॅक्टर म्हणायचं नाही. 'पीस' म्हणायचं.

तोही शेतातला नव्हे, कंपनीतला. शेतातल्या ट्रॅक्टरला मागे नांगर उचलणारे हात असतात. कंपनीतल्याला ते लागत नाहीत. तो गोदीत, विमानतळावर, कारखान्याच्या आवारात ट्रॉल्या ओढणार. म्हणून जाड बंपर, पुढे जादा वजन आणि बहुतेक वेळा अंगावर पिवळा रंग. दुसऱ्या महायुद्धात डेव्हिड ब्राउन कंपनीने ब्रिटिश हवाई दलाला बॉम्बर ओढायला असेच ट्रॅक्टर करून दिले होते. नानांना हे तोंडपाठ आहे. थोरल्या नातवाची इयत्ता मात्र विचारू नये.

असे पीस दुर्मीळ का झाले, याचं नानांचं उत्तर मला मनापासून पटतं. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बंद पडला तरी आंब्याखाली उभा राहतो, दसऱ्याला त्याला झेंडूची माळ मिळते. कंपनीच्या ट्रॅक्टरला माया करणारं कोणी नाही, हिशेबाच्या वहीत एक ओळ तेवढी. घसारा धरून धरून किंमत संपली, दारात फोर्कलिफ्ट आली, की हा किलोवर. त्यात इंजिन शेतीच्या मॉडेलशी जुळणारं, त्यामुळे धड इंजिन कोणीतरी गावाला नेतं आणि बाकीचा सांगाडा भट्टीत.

"म्हणजे कोणालाच नको होता, म्हणून दुर्मीळ?" मी एकदा विचारलं.

"तुला नाय कळायचं," नाना म्हणाले. "तू फ्लॅटवाला."

नानांच्या पीसवरची कंपनीची पट्टी कधीच पडली. त्यामुळे त्याचा इतिहास वाढायला मोकळा आहे. तो बी-२७५ मॉडेलचा ट्रॅक्टर असल्याचं नानांचं ठाम मत. महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली, कारखाना कांदिवलीला. त्यातल्या व्होल्टासचा ठाण्यात पोखरण रोडला कारखाना, म्हणजे पीस ठाणेकरच. पूर्वी तो सांताक्रूझला डाकोटा ओढायचा. गेल्या दिवाळीपासून बोइंग ओढू लागला. परवा कळलं, एअर इंडियाचं लंडनला गेलेलं पहिलं विमान, 'मलबार प्रिन्सेस', यानेच बाहेर काढलं होतं.

"नाना, ते विमान उडालं १९४८ला. ट्रॅक्टर कंपनी निघाली १९६३ला."

नाना क्षणभर थांबले. "मग बघ, किती रेअर!"

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरपाटी द्यायचा नियम केला. नोंदणीची फी २०,००० रुपये. तेव्हापासून पीसच्या तोंडावर पाटीपुरती जागा राखून ठेवली आहे. तो नियम दुचाकी-चारचाकींसाठी असला तरी कंपनीत राबलेला ट्रॅक्टर खासगी कसा, असं कोणी विचारलंच, तर नाना बोनेटकडे बोट दाखवतात. तिथे नानी उन्हाळाभर पापड वाळवतात. याहून खासगी वापर कुठला?

नानांनी किंमत कधीच सांगितलेली नाही. "बोला तुम्ही," एवढंच म्हणतात, आणि समोरचा बोलला की हसतात. गल्लीतला भंगारवाला तेवढा दर महिन्याला नेमाने येतो, पीसभोवती एक फेरी मारतो, मनातल्या मनात वजन करतो आणि नमस्कार करून जातो. त्याला घाई नाही.

अखेर मागच्या महिन्यात नाशिककडून एक खरा गिऱ्हाईक आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात बॅटरी. खिळ्याने रंग खरवडून त्याने खालचा पिवळा थर शोधला, चेसिसखाली आडवा झाला, तेव्हा नानांचे डोळे भरून आले. गिऱ्हाईकाने आकडा सांगितला. नाना हसले. त्याने वाढवला. नाना अजून हसले. चहा आला. मग हळूहळू उलगडा झाला : पाहुण्याच्या घरीही असाच एक पीस होता, आणि नानांचा किती रुपयांना सुटत नाही ते पाहून त्याला आपल्याची किंमत ठरवायची होती.

नाना चिडतील असं मला वाटलं. ते खुर्ची जवळ ओढून बसले. "तुमचा किती रुपयांना देणार नाही?" त्यांनी विचारलं. पाहुण्याने आकडा सांगितला. नानांनी आपला वर नेला. त्याने त्याचा. दिवे लागेपर्यंत दोन्ही ट्रॅक्टर दोघांच्याही ऐपतीबाहेर गेले होते आणि दोघेही कमालीचे खूश होते.

चहाचे पैसे भंगारवाल्याने दिले.