स्वर्ग दोन बोटं

आमच्या गल्लीत नवी गाडी आली की तिचे पहिले आठ दिवस ठरलेले असतात. शोरूमवाले पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन घरच्यांचा फोटो काढतात, चाकाखाली लिंबू चिरडतं, गल्लीत पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी अंबाबाई, तिसऱ्या दिवशी जोतिबा. मग सीटवरचं प्लास्टिक काढायचं की ठेवायचं यावरून घरात दोन तट. भावड्याच्या घरीही सगळं असंच झालं. नवव्या दिवशी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडलो, तेव्हा मात्र गाडी मला जरा कमी वाटली. रंग तोच, एमएच ०९ चा नंबर तोच. पण काल रात्रीपर्यंत जी दारात उभी होती, ती आज बसली होती.

"चारी पंक्चर झाल्या काय रं?" मी विचारलं.

मैफल रंगात आलेल्या गवयाला "घसा बसलाय का?" असं विचारावं, तसं भावड्यानं माझ्याकडं बघितलं.

"काका, लो केलीया. गॅप बघा, गॅप!"

आणि तो चाकाशेजारी उकिडवा बसला. टायर आणि मडगार्डच्या मधे त्यानं दोन बोटं सरकवली आणि डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो तसं. "आधी चार बोटं जाऊन वर जागा उरत हुती. नुसती जीप वाटायची. आता दोन बसत्यात, तिसरं शिरंना."

गर्वानं फुगलेल्या माणसाला स्वर्ग दोन बोटं उरतो, असं आपण म्हणतो. तो स्वर्ग नेमका कुठं असतो, हे मला त्या सकाळी कळलं.

भावड्या एकटा नव्हे. पुण्यात, सांगलीत, इचलकरंजीत, कुठंही संध्याकाळी चहाच्या गाड्यापाशी उभे राहा, तुमचा भावड्या तुम्हाला दिसेल. वय बावीसच्या पुढं-मागं. गाडीला वडिलांच्या नावावरचं कर्ज, आईच्या आग्रहाचा पांढरा रंग, आणि बाकी सगळं स्वतःच्या मनाचं. गाडी मोठी चालत नाही, छोटीच लागते; बहुतेक वेळा स्विफ्ट. ही गाडी भारतात आली २००५ साली. तेव्हा भावड्या रांगत होता. आता त्याची गाडी रांगते.

"नवी कोरी गाडी कापायची म्हणजे काय!" म्हणून गल्ली हळहळली; मला तेवढं नवल वाटलं नाही. याचे आजोबा बेंदराला बैलांची शिंगं रंगवून, झुली घालून त्यांना मिरवायचे. दिवाळीत आमच्याकडं म्हशी नटतात आणि मालकाच्या मोटारसायकलीमागं पळतात. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक निघते, तेव्हा सोनं लुटायचं सोडून निम्मं कोल्हापूर तिची चाकं न्याहाळत असतं. जनावर नुसतं पाळायचं नसतं, त्याला नटवून गावापुढं आणायचं असतं, हे इथल्या पोराला शिकवावं लागत नाही. आजोबांनी शिंगं रंगवली, नातवानं पाय आखूड केले, एवढंच.

ही शस्त्रक्रिया होते उद्यमनगरात. ज्या पेठेनं शेतकऱ्याला ऑइल इंजिनं दिली, तिथल्या एका बोळात भावड्याचा मिस्त्री बसतो. त्यानं मला या शास्त्राच्या पायऱ्या समजावून सांगितल्या. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंग कापणे. ग्राइंडर लावायचा आणि दीड वेढा उडवायचा. "पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होत्या काका. गाडी खाली येत्या, पण खड्डा शॉकअपला न लागता थेट मणक्याला लागतोय." दुसरी पायरी म्हणजे तयार आखूड स्प्रिंगा, तीस-चाळीस मिलिमीटरनं गाडी उतरवणाऱ्या. तिसरी कॉइलओव्हर, त्यात उंची चकती फिरवून कमी-जास्त करता येते. आणि सगळ्यात वरची पायरी हवेची. स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे, डिकीत कॉम्प्रेसर आणि टाकी. बटण दाबलं की गाडी फुस्स करून बसते, पुन्हा दाबलं की उठते.

"तेवढ्या पैशात दोन म्हशी येतील," भावड्याचे बाबा म्हणाले, "आणि त्या बी बसत्यात, उठत्यात. वर दूध देत्यात."

भावड्यानं सुरुवात ग्राइंडरनं केली. पंधरा दिवसांत त्याचे दात, गाडीचा डॅशबोर्ड आणि आईचा देव्हाऱ्यातला गणपती, जो तिनं डॅशबोर्डवर चिकटवला होता, हे तिन्ही सैल झाले. एका खड्ड्यात चाक लोंबकळलं, तेव्हा कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवरून सरकली आणि पुढचे चार किलोमीटर गाडी वरातीतल्या ताशासारखी वाजत आली. मग चाळीस मिलिमीटरवाल्या तयार स्प्रिंगा आल्या. पैसे आईनं दिले. कशातून, ते बाबांना अजून माहीत नाही.

आता थोडं गणित. कंपनीनं गाडीच्या पोटाखाली १६३ मिलिमीटर जागा सोडली होती. त्यातून चाळीस वजा केले की उरले १२३, म्हणजे जेमतेम पाच इंच. ही जागा रिकाम्या गाडीची. आत माणसं बसली की ती आणखी कमी. पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. भावड्याची इशारा पातळी चार इंच आणि धोका पातळी पाच. तीही बारमाही.

त्यामुळं गतिरोधक या विषयात या पोराचा जेवढा अभ्यास झालाय, तेवढा तो बांधणाऱ्याचाही नसेल. एकदा त्यानं मला रस्त्याकडेला उभं करून समजावलं होतं. इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाचं माप ठरवून दिलंय. रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ किलोमीटर वेगानं त्यावरून जाता यावं.

"माझ्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर दोन मीटर पंचेचाळीस," तो म्हणाला. "ह्या गोलाईवर दोन्ही चाकं चढली तर मधला फुगवटा पोटाकडं किती येतोय सांगा? साडेचार सेंटिमीटर. माझ्याकडं बारा हाईत! मापातला गतिरोधक माझं कायबी वाकडं करू शकत न्हाई, काका."

दहावीला गणितात दोनदा गचकलेला मुलगा हे बोलत होता. भूमितीच्या सरांनी त्याला वेळेवर स्विफ्ट दिली असती तर बोर्डात आला असता.

अडचण एवढीच, की मापातला गतिरोधक त्याला अजून भेटायचाय. आमच्याकडं गतिरोधक उरलेल्या डांबरातून जन्माला येतात. कुणाच्या दारात अपघात झाला की एक, कुणी निवडून आला की एक, शाळेपुढं तीन, आणि बंद पडलेल्या शाळेपुढंही तीनच. हात-दीड हात रुंद आणि वीतभर उंच. अशा ठिकाणी भावड्या थांबतो, गाडी तिरकी करतो आणि एकेक चाक चढवतो. तारेच्या कुंपणातून धोतर सांभाळत जाणाऱ्या माणसासारखं, आधी एक पाय, मग दुसरा, मग जरा थांबून मागचा अंदाज. गाडी रस्त्यावर आडवी, दोन्हीकडची वाहतूक ठप्प. मागून ट्रॅक्टरवाला ओरडतो, "भावा, उचलून ठेवू काय पल्याड?" भावड्या शांत. त्याचा कान खाली लागलेला. तिथून 'खर्र' आला की तो असा डोळे मिटतो, जणू घासला तो बंपर नव्हे, त्याचाच गुडघा.

एका रविवारी भावड्याच्या घरच्यांबरोबर मी जोतिबाला निघालो आणि नात्यांकडं बघायची नवी दृष्टी मला मिळाली. भावड्याला आता माणसं दिसत नाहीत, वजन दिसतं.

"काका, तुम्ही कितीला?"

मला वाटलं, किती वाजता निघणार असं विचारतोय. "साडेसातला."

"किलो, किलो!"

मी ब्याण्णव. बाबा अठ्ठ्याहत्तर. आई सांगायला तयार नव्हती, तिला त्यानं अंदाजानं सत्तर धरलं आणि दोन दिवसांचा अबोला पत्करला. आजी बेचाळीस. मग हुकूम सुटला: गतिरोधक आला की काका आणि बाबा उतरणार, मोठा असला तर आईपण, आजी कायम आत. शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत मी इतक्यांदा उतरलो आणि चढलो, की निम्मा जोतिबा पायी केल्याचं पुण्य माझ्या खात्यावर असावं. गाडी इतकी खाली, की बसताना पाटावर बसल्यासारखं बसायचं आणि उठताना कुणीतरी हात द्यायचा.

आजी मात्र खूश. "आमच्या टायमाला चढ लागला की बैलगाडीतनं उतरायचं," ती खिडकीतून म्हणाली. "मधी पन्नास वरसं लोकं उगंच बसून जायला लागली. पोरगं माझं वळणावर आलं."

खरं वळण डोंगराच्या चढाला आलं. आणि इथं खोटं कशाला बोलू? घाटातल्या वळणांवर गाडी रस्त्याला चिकटून गेली. आपण सगळे एका कुशीवर कलंडतो, तसं काही झालं नाही. आजीच्या मांडीवरच्या चंचीतली सुपारी हलली नाही. "वजन खाली आलं की गाडी झुकत न्हाई," भावड्या अभिमानानं म्हणाला, आणि ते शंभर टक्के खरं आहे. त्या चार वळणांपुरता तो खरोखर राजा होता. पाचव्या वळणावर उसाचं कांडं पडलेलं होतं.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमचे रस्ते उसाचे होतात. इतर गाड्या कांड्यावरून निघून जातात. भावड्याच्या गाडीनं ते पोटाशी धरलं आणि घासत घासत देवाच्या पायरीपर्यंत नेलं. लोकांना वाटलं नवस आहे.

परतताना नाक्यावर शिट्टी वाजली. कायदा या बाबतीत भावड्याच्या बाजूचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापाला सोडून गाडीत मनमानी बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ च्या जानेवारीत तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा दर बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. हवालदारसाहेब सगळं जाणून होते.

"उंची कमी केलीस?"

"साहेब, आरसीत उंची कुठं लिवल्या?"

साहेब खाली वाकले, मग उकिडवे बसले, आणि टायरच्या वर त्यांनी बोटं घातली. दोन. बराच वेळ ते तसेच होते. भावड्याच्या चेहऱ्यावर आशा उगवली, साहेबपण आपल्यातलेच निघाले म्हणून.

"चलन नंतर करतो," साहेब खालूनच म्हणाले, "आधी मला उठव."

चलन बाबांच्या मोबाइलवर आलं, कारण गाडी बाबांच्या नावावर. "खड्डे भरणारे खड्डे भरत न्हाईत," बाबा म्हणाले, "हप्ते भरणारा हप्ते भरत न्हाई. भरायचं आणि भरडायचं सगळं माझ्याच वाट्याला."

मग एकदा चेंबर फुटला. इंजिनाच्या पोटातलं तेल या चेंबरमधे असतं आणि पोट सगळ्यात आधी टेकतं. बिंदू चौकापासून दारापर्यंत तेलाची काळी रांगोळी आली होती. मिस्त्रीनं वेल्डिंग करून वर चेंबर गार्ड म्हणून लोखंडी पत्रा ठोकला. पत्र्यानं चेंबर वाचला, पण पोट आणखी बोटभर खाली आलं. आता पत्रा वाचवायला काय लावायचं, याचा विचार चालू आहे.

तुम्ही म्हणाल, मग सुख कशात? ते बघायचं तर संध्याकाळी रंकाळ्यावर या. भावड्या गाडी धुऊन, पुसून, चाकं किंचित वळवून उभी करतो आणि पंधरा पावलं मागं जाऊन तिच्याकडं बघत राहतो. झेप घ्यायच्या आधी मांजर दबतं, तशी ती दिसते. जाणारी-येणारी पोरं थांबतात, उकिडवी बसतात, बोटं घालतात. कोल्हापुरातली सगळ्यात वेगवान दिसणारी गाडी ती हीच, आणि ती वेगवान दिसते ती उभी असते तेव्हाच. एरवी तिला सायकली मागं टाकतात.

आईला मी एकदा विचारलं, तुम्ही त्या स्प्रिंगांना पैसे कसे दिलेत? तिनं आधी इकडंतिकडं बघून घेतलं आणि मग ती बोलली. "दोन वरसं मोटारसायकल होती, भावजी. रात्री साडेअकराला हॉर्न ऐकू येईपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. आता वीसच्या वर काटा जात नाही. पाऊस आला की घरात. अंधार पडला की घरात, खड्डे दिसत नाहीत म्हणून. गाडी खाली झाली आणि माझा जीव वर यायचा थांबला." जमीनदोस्त या शब्दाचा जमिनीशी दोस्ती असाही अर्थ असू शकतो, हे मला तेव्हा सुचलं.

परवा मी एसटीनं गडहिंग्लजला निघालो होतो. पुढं गतिरोधक दिसला, आणि काय होतंय ते कळायच्या आत मी पिशवी उचलून दाराकडं निघालो.

"बसा की काका," कंडक्टर म्हणाला, "हितं स्टॉप न्हाई."

मी बसलो. पण गतिरोधक पार होईपर्यंत सीटवरून जरासा अधांतरी राहिलो. ब्याण्णव किलो आहेत. एसटीचा चेंबर फुटला तर माझ्यावर यायला नको.